न आलेलं पत्र आणि चौऱ्याण्णव मतं



मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारचा अभ्यासवर्ग संपत आला होता. विषय होता घटनादुरुस्ती. आयटीआय करणारा एक पोरगा मागून म्हणाला, "दादा, संविधानाला हात लावायचा तर दोन तृतीयांश लागतात. तेवढे कोण आणणार? तुम्ही उगाच घाबरवता." सगळे हसले. आम्हीही हसलो आणि सतरंज्या गोळा करायला लागलो. ते हसणं आमच्या डोक्यातून गेलं नाही, म्हणून हे लिहितो आहोत.

दोन तृतीयांश आणले गेले आहेत. रीतसर, मोजून, सभापतींच्या समोर. तारीख २३ मार्च १९३३, शहर बर्लिन. त्या दिवशी सभागृहात विरोधात बोलायला फक्त एक माणूस उभा राहिला. त्याचं नाव ऑटो वेल्स. जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्ष. पुढची सहा वर्षं तो परागंदा होता आणि परदेशातच मेला. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही. जे घेतात ते त्या एका भाषणापुरतं घेतात आणि टाळ्या वाजवून मोकळे होतात. आमचं भांडण दोघांशी आहे. दोन तृतीयांशाच्या भरवशावर झोपलेल्यांशी आहे, आणि एका भाषणावर आयुष्य तोलणाऱ्यांशीही.

वेल्स हा कामगारवर्गातून वर आलेला माणूस. जन्म १८७३ चा, बर्लिनचाच. बाप बिअरचा पिठा चालवायचा. बिस्मार्कच्या राज्यात १८७८ ते १८९० अशी बारा वर्षं समाजवाद्यांच्या सभा-संघटनांवर बंदी होती. त्या काळात बैठकीला हॉल मिळायचा नाही, म्हणून असे पिठे हीच चळवळीची कार्यालयं होती. पोरगा खुर्च्या-कोचांना गादी-कापड चढवायचं काम शिकला. अठराव्या वर्षी पक्षात आला, पुढे आपल्याच धंद्याच्या कामगार संघटनेचा पूर्णवेळ कार्यकर्ता झाला, १९१२ ला संसदेत गेला. त्याच्या पक्षाचे पुढारीही असेच होते. बेबेल लाकूडकातारी, एबर्ट खोगीर शिवणारा, शायडेमान छापखान्यातला. विद्यापीठाच्या पदव्या नसलेल्या माणसांनी युरोपातला सगळ्यात मोठा कामगार पक्ष उभा केला. हे आपल्या पोरांनी लक्षात ठेवावं. इथे अजूनही तालुक्याचा अध्यक्ष निवडताना कोणाची डिग्री किती आणि कोण कोणाचा जावई याचीच चर्चा होते.

पण आम्ही त्याची आरती ओवाळायला बसलेलो नाही. १९१८ च्या नोव्हेंबरात कैसर पळाला, सत्ता समाजवाद्यांकडे आली आणि वेल्स बर्लिन शहराचा लष्करी प्रमुख झाला. ६ डिसेंबरला सैनिकांनी मोर्चावर गोळ्या घातल्या. सोळा माणसं मेली. मेलेले कामगार होते आणि शहराची सूत्रं एका कामगाराकडे होती. पुढच्याच महिन्यात त्याच्याच पक्षाच्या सरकारने बोलावलेल्या टोळ्यांनी रोझा लुक्झेंबर्ग आणि कार्ल लिब्कनेश्ट यांचा खून केला. समाजवादी आणि कम्युनिस्ट यांच्यात तेव्हा पडलेली रक्ताची रेघ पुढे हिटलरच्या कामी आली. कम्युनिस्टांनीही त्या रेघेवर मीठ चोळायचं सोडलं नाही. समाजवाद्यांना 'सोशल फॅसिस्ट' म्हणणं, मुख्य शत्रू हेच असं ठरवणं, आणि १९३१ मध्ये प्रशियाचं समाजवादी सरकार पाडण्यासाठी नाझींनी पाठिंबा दिलेल्या सार्वमतात उतरणं, हे सगळं त्यांनी केलं. दोघांकडे मिळून शेवटपर्यंत नाझींच्या तोडीची मतं होती, पण ती मिळून कधी आलीच नाहीत.

इथे आम्हाला ७ नोव्हेंबर १९३८ आठवतो. मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने संपाचा हक्क आवळणारं औद्योगिक कलहाचं विधेयक आणलं होतं. कम्युनिस्टांबद्दल बाबासाहेबांचं मत काय होतं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. गिरणीतल्या चांगल्या पगाराच्या खात्यात अस्पृश्यांना शिरकाव नव्हता आणि लाल बावटा त्यावर गप्प होता, हेही ते विसरले नव्हते. तरी त्या दिवशी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपावर उतरले. मतभेद तसेच ठेवून एका दिवसापुरतं एकत्र येता येतं. बर्लिनमधल्या दोन कामगार पक्षांना हे जमलं नाही.

वेल्सच्या आयुष्यातली दोन वर्षं आम्ही शेजारी ठेवून वाचतो, १९२० आणि १९३२.

मार्च १९२० मध्ये काप नावाच्या माणसाला पुढे करून लष्करातल्या काही लोकांनी बर्लिन ताब्यात घेतलं. निवडून आलेलं सरकार राजधानी सोडून पळालं. वेल्स मागे राहिला आणि कामगार संघटनांबरोबर सार्वत्रिक संपाच्या कामाला लागला. आगगाड्या, ट्राम, वीज, छापखाने, सगळं बंद. सरकारी कारकुनांनीही नव्या मालकांचं ऐकलं नाही. चार-पाच दिवसांत बंड कोसळलं. संविधान वाचवलं ते काम बंद केलेल्या हातांनी. कोर्टाने नाही.

आता २० जुलै १९३२. देशाचा चॅन्सेलर पापेन याने राष्ट्राध्यक्षाच्या वटहुकमाने प्रशियाचं राज्य सरकार बरखास्त केलं. प्रशिया म्हणजे जर्मनीचा निम्म्याहून मोठा भाग, आणि तिथलं पोलीसदल समाजवादी मंत्र्याच्या हाताखाली. लोक आदेशाची वाट बघत होते. आदेश आला तो असा की शांत राहा, चिथावणीला बळी पडू नका, ३१ जुलैच्या निवडणुकीत उत्तर देऊ, आणि तोवर कोर्टात जाऊ. या निर्णयात वेल्स होता. कारणं अगदीच पोकळ नव्हती. साठ लाखांच्या आसपास बेकार. संप केला तर कारखान्याच्या फाटकावर दुसऱ्या दिवशी नवे लोक उभे राहतील ही भीती खरी होती. निवडणूक झाली, नाझींना ३७ टक्के मतं मिळाली. कोर्टाचा निकाल ऑक्टोबरात आला, तोही अर्धामुर्धा. काही अधिकार जुन्या मंत्र्यांचे आहेत असं कोर्ट म्हणालं, पण कारभार, पोलीस, तिजोरी पापेनकडेच राहिली. खटला अंशतः जिंकला आणि राज्य पूर्ण गेलं.

आपल्यातले वकील मित्र यावर चिडतील. चिडू देत. कोर्टात जाऊ नका असं आम्ही म्हणत नाही, आम्ही स्वतः ॲट्रॉसिटीच्या केसेस घेऊन वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो आहोत. पण कोर्टात गेलो म्हणजे रस्त्यावरचं काम झालं, हा हिशोब आम्हाला मान्य नाही. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणातला 'अराजकाचं व्याकरण' हा शब्द काढून जे आपल्याच पोरांना घरी बसायला सांगतात, त्यांनी ते भाषण पुढेही वाचावं. व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हे त्याच भाषणात आहे. सामाजिक आणि आर्थिक विषमता तशीच राहिली तर तिचे चटके बसलेले लोक राजकीय लोकशाहीचा डोलारा उडवून देतील, हेही त्याच भाषणात आहे. एक वाक्य उचलायचं आणि दोन गिळायची, ही सवय आपल्याला कोणी लावली?

'कमी वाईट' नावाचा एक रोगही त्या पक्षाला होता, आणि तो आपल्याकडेही घरोघरी आहे. १९३० पासून ब्रूनिंगचं सरकार संसदेला डावलून वटहुकमांवर चाललं होतं. पगार कापले, बेकारभत्ता कापला. समाजवाद्यांनी त्याला सहन केलं, का तर हिटलर नको म्हणून. १९३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी हिंडेनबुर्गसाठी घरोघरी मतं मागितली. हा म्हातारा सेनापती, राजेशाहीचा भक्त. कारण तेच, हिटलर नको. हिंडेनबुर्ग निवडून आला. दहा महिन्यांत, ३० जानेवारी १९३३ ला, त्यानेच हिटलरला चॅन्सेलर केलं.

पुढचं भराभर घडलं. २७ फेब्रुवारीला संसदेची इमारत जळाली. दुसऱ्या दिवशी वटहुकमाने मूलभूत हक्क गेले. हा वटहुकूमही संविधानातल्याच ४८ व्या कलमाखाली. ५ मार्चची निवडणूक अशा दहशतीत झाली, तरी नाझींना ४४ टक्क्यांच्या आतच मतं. कम्युनिस्टांचे ८१ निवडून आले, एकालाही सभागृहात पाय ठेवू दिला नाही. समाजवाद्यांचे १२० होते. त्यातले २६ तुरुंगात, लपलेले किंवा देशाबाहेर. युलिउस लेबर नावाच्या सदस्याला तर सभागृहाकडे येतानाच पकडलं.

२३ मार्च. संसद जळालेली म्हणून क्रोल ऑपेराच्या नाट्यगृहात बैठक. आत भिंतींना लागून तपकिरी आणि काळ्या गणवेशातले लोक उभे. विधेयक असं की सरकारला संसदेशिवाय कायदे करता येतील, आणि ते कायदे संविधानाशी विसंगत असले तरी चालतील. वेल्स उभा राहिला. भाषणाची सुरुवात त्याने परराष्ट्र धोरणातल्या जर्मनीच्या समान दर्जाच्या मागणीला सहमती देऊन केली. हे सांगायचं लोक विसरतात, आम्ही सांगतो. पण त्यापुढे तो जे बोलला ते त्या छपराखाली बोलायला काळीज लागत होतं. आमचं स्वातंत्र्य आणि आमचा जीव घेता येईल, आमची इज्जत घेता येणार नाही, या अर्थाचं त्याचं वाक्य जर्मनीत आजही शाळेतल्या पोरांना माहीत असतं. छळल्या गेलेल्यांना त्याने सभागृहातून नमस्कार केला.

मतं पडली. बाजूने ४४४, विरोधात ९४. ते ९४ सगळे समाजवादी.

आता ती बेरीज नीट बघा. ६४७ सदस्य निवडून आलेले. सगळे हजर असते तर ४३२ मतं लागली असती. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाची सत्तरहून अधिक मतं वगळा, हिटलर तिथे पोहोचतच नाही. मग सेंटरने मतं का दिली?

आम्हाला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात बोचणारा भाग हाच वाटतो. सेंटर पक्ष हा अल्पसंख्याकांचा पक्ष होता. बिस्मार्कने कॅथलिकांना देशद्रोही ठरवून त्यांचे पाद्री तुरुंगात टाकले, त्या छळातून टिकलेला पक्ष. आपला समाज, आपल्या शाळा, आपली देवळं वाचवायची म्हणून उभा राहिलेला. त्याचा नेता लुडविग कास, स्वतः पाद्री. त्याने हिटलरशी बोलणी केली. आमच्या शाळा, आमचे कर्मचारी, आमचं चर्च यांना हात लावणार नाही, हे लेखी द्या, एवढंच मागणं. हिटलरने हो म्हटलं. मतदानाच्या दिवशी पत्र आलेलं नव्हतं. पत्र येतंय, निघालंय, असं सांगण्यात आलं. ब्रूनिंगसारख्या काहींचा पक्षाच्या बैठकीत विरोध होता, पण शेवटी शिस्त म्हणून सगळ्यांनी 'हो' म्हटलं. पत्र कधीच आलं नाही. ५ जुलैला सेंटर पक्षाने स्वतःला विसर्जित केलं.

उदारमतवाद्यांचे पाच जण होते, त्यांनीही 'हो'च म्हटलं. त्यातला थिओडोर हॉइस पुढे पश्चिम जर्मनीचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. चांगल्या माणसांची ही यादी लांब आहे.

आणि त्या संविधानाचं काय झालं? ते कधी रद्द झालंच नाही. हिटलरने वायमारचं संविधान फाडलं नाही, जाळलं नाही. त्याला तशी गरजच पडली नाही. बारा वर्षं ते कागदावर होतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनी इशारा दिला होता की संविधानाचं रूप जसंच्या तसं ठेवून, नुसता कारभार बदलून, त्याचा आत्मा मारता येतो. आपली पोरं 'संविधान बदलणार' या एकाच बातमीवर नजर ठेवून बसलेली असतात. बदलायची वेळ येईलच कशाला?

वेल्सकडे परत येऊ. भाषणानंतरचे तीन महिने त्याच्या पक्षाची खरी परीक्षा होती, आणि त्यात पक्ष नापास झाला असं आमचं स्पष्ट मत आहे. कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांनी १ मे चा सरकारी सोहळा मान्य केला, सभासदांना नाझींच्या मोर्चात पाठवलं. २ मे ला सकाळी त्यांच्याच कचेऱ्या ताब्यात घेतल्या गेल्या. मग पक्षाने वेल्ससह काही जणांना देशाबाहेर पाठवायचं ठरवलं. मागे राहिलेल्या खासदारांनी १७ मे ला हिटलरच्या परराष्ट्र धोरणाच्या ठरावाला संसदेत मतं दिली. बाहेर गेलेल्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. टोनी प्फ्युल्फ नावाची म्युनिकची शिक्षिका या पक्षाची खासदार होती. तिला हे सहन झालं नाही. जूनमध्ये तिने जीव दिला.

त्याहून काळी गोष्ट १९ जूनची. बर्लिनमध्ये राहिलेल्यांनी नवी कार्यकारिणी निवडली आणि तीत एकही ज्यू ठेवला नाही. ज्या पक्षाला मार्क्स, लासाल आणि बर्नस्टाईनने घडवलं, त्याने सत्तेची नजर चुकवण्यासाठी आपल्यातल्या सगळ्यात उघड्या पडलेल्या माणसांना बाजूला काढलं. तीन दिवसांनी, २२ जूनला, पक्षावर बंदी आली. कोणाला वगळून कोण वाचलं?

आम्ही समाजशास्त्र शिकलो तेव्हा वर्ग म्हणजे काय यावर पानंच्या पानं लिहिली. पण वर्ग एक असूनही आपला आणि परका ही गणना आतून कशी चालू राहते, हे आम्हाला या एका बैठकीने जास्त शिकवलं. आपल्या जातीच्या प्रश्नाला 'नंतर बघू' म्हणणाऱ्या डाव्यांना आम्ही हे ऐकवतोच. पण आपणही आरशात बघावं. मोर्चाच्या व्यासपीठावर जागा कमी पडली की पहिल्यांदा कोण खाली उतरतं? बायका उतरतात. मग वाल्मीकी, मातंग, भटके-विमुक्त.

परागंदा झालेला वेल्स आधी सारब्रुकेनला, मग प्रागला गेला. ऑगस्ट १९३३ मध्ये नाझींनी नागरिकत्व काढून घेतलेल्यांची पहिली यादी काढली. ३३ नावं. त्यात वेल्स होता, शायडेमान होता, कादंबरीकार हाइनरिश मान होता. जन्मलेल्या शहरात हा माणूस आता कागदोपत्री कोणीच नव्हता.

प्रागमध्ये पक्षाची परदेशातली कचेरी चालली. तिला 'सोपाडे' म्हणत. तिचं एक काम आम्हाला त्या प्रसिद्ध भाषणापेक्षा मोठं वाटतं, आणि त्याच्याबद्दल कोणी टाळ्या वाजवत नाही. सरहद्दीलगत त्यांनी आपले चिटणीस बसवले. आत राहिलेले कामगार, दुकानदार, प्रवासी यांच्याकडून माहिती गोळा करायची. पावाचा भाव काय, कारखान्यात कोण काय कुजबुजतं, शेजारच्या ज्यू कुटुंबाचं काय झालं, लोक सलाम मनापासून करतात की भीतीने. १९३४ ते १९४० पर्यंत हे अहवाल निघत राहिले. आणि ते खोटा धीर देत नाहीत. लोक कुरकुरतात, पण राज्य मानतात. आपलेही कामगार नोकरी मिळाली म्हणून वळले आहेत, असं ते आपल्याच पुढाऱ्यांना लिहून कळवत होते. माहिती पाठवणारा सापडला तर छळछावणी. आम्ही वस्तीत सर्व्हेचे फॉर्म भरतो तेव्हा आमच्या चुकीने कोणाचा जीव जात नाही, तरी आम्ही किती वेळा वरच्यांना आवडेल तेच लिहितो! आपल्या संघटनांचे अहवाल काढून बघा. सगळीकडे 'उत्स्फूर्त प्रतिसाद'. जिथे दहा माणसं आली होती तिथेही.

वेल्स हट्टी होता. कम्युनिस्टांशी हातमिळवणी करायला तो निर्वासनातही तयार झाला नाही. पक्षातली तरुण मंडळी त्याच्यावर नाराज होती, आणि त्यांचं बरंचसं बरोबर होतं. चेकोस्लोव्हाकियावर हिटलरचा दाब वाढला तशी १९३८ मध्ये कचेरी पॅरिसला हलली. १६ सप्टेंबर १९३९ ला तिथेच वेल्स वारला. सहासष्टावा वाढदिवस आदल्या दिवशी झाला होता आणि युद्ध सुरू होऊन दोन आठवडे. पॅरिसजवळच्या शातने-मालाब्रीत त्याला पुरलं. त्याच्या साथीदारांना तेही लाभलं नाही. हिल्फरडिंग आणि ब्राइटशाइड यांना १९४१ मध्ये फ्रान्सच्या व्हिशी सरकारने गेस्टापोच्या हवाली केलं. पहिला पॅरिसच्या तुरुंगात मेला, दुसरा बुखेनवाल्डच्या छावणीत. लेबरला जानेवारी १९४५ मध्ये फाशी दिलं.

चौऱ्याण्णव मतांनी काय झालं, असं विचारणारे आपल्यात आहेत. त्या दिवशी काही झालं नाही, हे खरं. पण १९४५ नंतर त्या पक्षाला त्याच नावाने पुन्हा उभं राहता आलं, तोंड लपवावं लागलं नाही. सेंटर पक्ष पुन्हा मोठा होऊ शकला नाही. तरी आम्ही त्या मतांना पुरेसं म्हणणार नाही. ती मतं १९३२ च्या जुलैत न केलेल्या संपाची भरपाई नव्हती.

मग लोकशाही इतकी ठिसूळ का निघाली? सप्टेंबर १९४३ मध्ये दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांच्या शिबिराच्या समारोपात बाबासाहेबांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. जर्मनी, इटलीत संसदीय लोकशाही इतकी सहज का पडली, आणि इंग्लंड-अमेरिकेत का नाही? त्यांचं उत्तर असं की पडली तिथे सामाजिक आणि आर्थिक लोकशाही फार कमी होती. समता नसेल तर नुसतं स्वातंत्र्य उभं राहत नाही. साठ लाख बेकारांच्या देशात संप का झाला नाही, हे आम्हाला या भाषणानंतर जास्त कळलं. उपाशी माणसाकडे संविधान वाचवायला या म्हणून जाताना, त्या संविधानाने त्याला काय दिलं हे आधी दाखवावं लागतं. आपल्या वस्तीत कंत्राटावर गटारात उतरणाऱ्या भावाला आपण काय दाखवणार आहोत?

येत्या रविवारी विहारात हेच १९४३ चं भाषण वाचायला घेतो आहोत. वेळ संध्याकाळी सहा. हसणाऱ्या पोराला आम्ही खास बोलावलं आहे, आणि त्याने यायचं कबूल केलं आहे. ज्या ज्या मंडळींना गेल्या निवडणुकीत समाजाच्या वतीने पाठिंबा देताना कोणाकडून लेखी आश्वासन मिळालं, त्यांनी येताना ते पत्र घेऊन यावं. सगळ्यांसमोर वाचू.

जय भीम!